‘सगळं शून्य आहे’ म्हणता म्हणता मन कोरडं पडलंय. चूक कुठे होतेय?

अर्धविराम

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

साडेतीन वर्षं झाली, रोज सकाळी पाऊण तास बसते. सुरुवात आनापानानं, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्यानं, झाली. मग दोन शिबिरं केली. गेल्या वर्षी प्रज्ञापारमिताहृदय सूत्र हाती आलं. ‘रूपं शून्यता, शून्यतैव रूपम्’. छोटंसं सूत्र आहे, आठवड्यात पाठ झालं. बोधिसत्त्व अवलोकितेश्वर बुद्धांच्या शिष्याला, शारिपुत्राला, एकेक गोष्ट सांगत जातो, डोळा नाही, कान नाही, दुःख नाही, दुःखाचा निरोध नाही, आणि वाचताना अंगावर काटा येतो. अजूनही येतो.

मग मला एक सवय लागली. कुणी टाकून बोललं की मनात म्हणायचं, ‘शून्य आहे’. काम बिघडलं, ‘शून्य आहे’. जुनी आठवण वर आली, ‘शून्य आहे’. पहिले काही महिने इतकं हलकं वाटलं की काय सांगू. झोप सुधारली, चिडचिड कमी झाली. मला वाटलं, साधना लागली.

तीन आठवड्यांपूर्वी रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचं ठरलेलं लग्न मोडलं. मी भांडी विसळत होते, फोन खांदा आणि कानात धरलेला. ती हुंदके देत बोलत होती आणि माझ्या मनात ते वाक्य आपोआप उमटलं. त्यानंतर तिचं रडणं मला नुसता आवाज म्हणून ऐकू येत होतं. मी ‘हं’, ‘हं’ करत होते. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, “ताई, तू आहेस ना तिकडे? भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय.”

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, एकच पळी मी तिसऱ्यांदा विसळत होते. माझ्या पाठच्या बहिणीचा संसार उभा राहायच्या आधीच कोसळला होता आणि मला काहीही वाटलं नव्हतं.

तेव्हापासून बसायला जीव होत नाही. हेच शून्यतेचं फळ असेल तर मला ते नकोय. आणि हे फळ नसेल, तर मी साडेतीन वर्षं काय करत होते? महायानात शून्यता आणि करुणा एकत्र चालतात असं सगळीकडे वाचते. पण सगळंच शून्य असेल तर करुणा कुणाची आणि कुणावर? ज्यांनी हे स्वतः करून बघितलंय त्यांनी कृपया लिहा.

---

पिंपळपान

ताई, आधी एक. पळी तीनदा विसळली हे तुमच्या लक्षात आलं आणि ते सलतंय, म्हणजे मन कोरडं पडलेलं नाही. ते कुठेतरी कोंडलंय.

मी पाली शिकतो, त्यामुळे त्या बाजूनं लिहितो. माझ्या मते घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो, आणि मराठी माणसाचा तो जास्त होतो, कारण शब्द आपल्याला ओळखीचा वाटतो. आपण ‘शून्यात बघत बसलाय’ म्हणतो, ‘शून्य मार्क’ म्हणतो, आणि बौद्ध ग्रंथात तोच शब्द दिसला की तोच अर्थ घेऊन आत शिरतो.

पण आपल्याच भाषेत याचा दुसरा वापरही आहे, तो बघा. विचारशून्य, भावशून्य, अर्थशून्य. इथे शून्य एकटं येत नाही. कशानं शून्य, ते आधी सांगावं लागतं. ‘विचारशून्य माणूस’ म्हटलं की माणूस नाहीसा होत नाही, त्याच्यातला विचार नाही एवढंच कळतं. बौद्ध ग्रंथांतलं शून्य या जातीचं आहे. तिथे प्रत्येक वेळी विचारायचं: कशानं शून्य?

संयुत्त निकाय या पाली सुत्तसंग्रहात बुद्धांचा शिष्य आनंद भगवंतांना थेट विचारतो, ‘लोक शून्य आहे’ असं म्हणतात ते कशावरून? उत्तर एका ओळीचं आहे: ‘सुञ्ञं अत्तेन वा अत्तनियेन वा’. आत्म्यानं आणि आत्म्याच्या मालकीच्या कशानंही शून्य, म्हणून लोक शून्य. लोकच नाही, असं उत्तर तिथे नाही.

दुसरं, मज्झिम निकाय या दुसऱ्या पाली संग्रहातलं १२१वं सुत्त, चूळसुञ्ञत. साधकासाठी याहून नेमकं काही मला माहीत नाही. श्रावस्तीच्या पूर्वारामात, मिगारमातेच्या प्रासादात हा संवाद होतो. बुद्ध आनंदाला डोळ्यांसमोरची जागाच दाखवतात. हा प्रासाद हत्ती, गाई, घोडे यांनी शून्य आहे, सोन्याचांदीनं शून्य आहे, स्त्रीपुरुषांच्या गर्दीनं शून्य आहे. पण एका गोष्टीनं तो शून्य नाही, इथे भिक्षुसंघ आहे. मग साधक गावाची संज्ञा, म्हणजे मनातली जाणीव, सोडून अरण्याच्या संज्ञेवर मन ठेवतो, ती सोडून पृथ्वीच्या. त्यासाठी दिलेली उपमाही कशी आहे बघा: शंभर खुंट्या ठोकून ताणलेलं बैलाचं कातडं, ज्यावर एक सुरकुती उरलेली नाही. तसे चढउतार, ओढे, काटेकुटे मनातून काढून टाकलेली पृथ्वी. तिथून पुढे अनंत आकाश, आणि असंच पुढे.

या प्रत्येक पायरीवर एक वाक्य परत येतं: जे तिथे नाही, त्यानं ते शून्य आहे असं तो बघतो, आणि जे उरलंय, त्याविषयी ‘हे आहे’ असं जाणतो. ‘सन्तमिदं अत्थीति पजानाति’. तुमच्या साधनेत पहिलं अर्धं वाक्य पक्कं झालं आणि दुसरं गळालं. फोनवर बहीण होती. ती उरलेली गोष्ट होती. ‘हे आहे’ म्हणायचं राहून गेलं.

आणि सुत्ताच्या अगदी शेवटी, सगळ्यात सूक्ष्म समाधीतही काय उरतं? जिवंत आहे तोवर हे सहा इंद्रियांचं शरीर उरतं, आणि त्यामुळे होणारी तगमगही. बुद्ध ती नाकारत नाहीत. मग आपण बहिणीचं रडणं कोणत्या अधिकारानं पुसून टाकायचं?

---

निळाई

वरचं पटलं. मी वेगळ्या वाटेनं आलोय, त्यामुळे थोडक्यात भर घालतो.

शून्यता हा शब्द मला पहिल्यांदा बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये भेटला. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७चा, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आलेला. त्यात शून्यता येते ती अनित्यतेच्या चर्चेत. बाबासाहेब स्पष्ट सांगतात की शून्यता म्हणजे सरसकट नास्ती नव्हे. क्षणोक्षणी बदल चाललेला आहे, एवढाच तिचा अर्थ. आणि पुढचा मुद्दा माझ्या आयुष्यात सगळ्यात उपयोगी पडला: शून्यता आहे म्हणून तर सगळं शक्य आहे. वस्तूचा स्वभाव कायमचा ठरलेला असता तर काहीच घडू शकलं नसतं. बी बीच राहिलं असतं. आणि ज्यांना जन्मानं एका जागी डांबलं गेलं, त्यांची जागाही कधी बदलली नसती.

म्हणून ताई, मला ‘शून्य आहे’ या वाक्यात कोरडेपणा कधी दिसला नाही. मला त्यात उघडलेलं दार दिसतं. तुमच्या बहिणीचं आजचं दुःख कायमचा दगड नाही. ते वितळू शकतं, आणि वितळायला तुमचं तिथे असणं हेही एक कारण ठरू शकतं.

एक शंका मात्र आहे, पिंपळपानांना. मूळ बुद्धवचनात अनित्य आणि अनात्म एवढं पुरेसं होतं ना? पुढे महायानातल्या आचार्य नागार्जुनानं जे तर्काचं जाळं विणलं, त्याची साधकाला खरंच गरज आहे का?

---

पिंपळपान

@निळाई, शंका रास्त आहे. मीही बरीच वर्षं तसंच मानत होतो. पण बाबासाहेबांचा तो मुद्दा आणि नागार्जुनाचा मुद्दा शेजारी ठेवून बघा. मूलमध्यमककारिका या त्याच्या ग्रंथाच्या २४व्या प्रकरणात प्रतिपक्षी हेच ओरडतोय, सगळं शून्य असेल तर चार आर्यसत्यं गेली, संघ गेला, बुद्धही गेला! त्यावर नागार्जुन म्हणतो: ‘सर्वं च युज्यते तस्य शून्यता यस्य युज्यते।’ ज्याला शून्यता जुळते, त्याला सगळंच जुळतं. शून्यतेमुळे काही बुडत नाही, उलट तिच्यावाचून काही चालूच शकत नाही.

गरज का पडली? कारण ‘सगळं क्षणिक आहे’ एवढं मान्य करूनही माणूस घट्ट धरू शकतो. सर्वास्तिवादी या जुन्या बौद्ध पंथाचे आचार्य क्षणिकता मानत होते, आत्मा नाकारत होते, तरी प्रत्येक धर्माला, म्हणजे अनुभवाच्या प्रत्येक मूळ घटकाला, स्वतःचा एक स्वभाव आहे असं त्यांचं म्हणणं होतं. नागार्जुनाचं सगळं भांडण त्या ‘स्वभावा’शी आहे. जे दुसऱ्या कशावर अवलंबून नाही, कुणी घडवलेलं नाही, ते स्वभाव. तसं काही सापडत नाही, इतकंच तो दाखवतो. आणि हे करताना तो ज्या एका सूत्राचं नाव घेतो ते कात्यायनाला केलेल्या उपदेशाचं, म्हणजे आपल्या कच्चानगोत्त सुत्ताच्या परंपरेतलं. ‘सगळं आहे’ हे एक टोक, ‘सगळं नाही’ हे दुसरं, आणि तथागत मधून शिकवतो. म्हणून मला ते जाळं वाटत नाही. जुन्या सुत्ताचाच धागा त्यानं पुढे ओढलाय.

त्याच प्रकरणात तो इशाराही देतो. शून्यता चुकीची पाहिली तर मंदबुद्धीचा घात करते, चुकीचा धरलेला साप करतो तसा. सापाची उपमाही जुनीच, अलगद्दूपम सुत्तातली.

---

जव्हारी

मी ग्रंथांतला माणूस नाही. तंबोरे दुरुस्त करतो, वडिलांपासून हेच काम. पण ताईंनी ‘स्वतः करून बघितलंय त्यांनी लिहा’ म्हटलं म्हणून लिहितोय. बारा वर्षं तिबेटी परंपरेतल्या एका गेशेंकडे (गेशे ही विद्वान भिक्षूची पदवी) बसतो. मराठी माझी कामाची, चुकलं तर सुधारा.

गेशेंनी मला पहिल्याच वर्षी, माझा धंदा ऐकून, संयुत्त निकायातली वीणेची गोष्ट सांगितली होती. एका राजानं आयुष्यात कधी वीणेचा आवाज ऐकला नव्हता. तो ऐकला आणि वेडावला. म्हणाला, हा आवाज मला आणून द्या. लोकांनी वीणा आणली. राजा म्हणतो, वीणा नको, मला तो आवाज पाहिजे. लोक सांगतात, महाराज, वीणेला पुष्कळ अंगं असतात, खोळ, कातडं, दांडी, तारा, कोण (तारा छेडायची नखी), आणि वाजवणाऱ्या माणसाचे कष्ट, या सगळ्यांमुळे ती बोलते. राजा ऐकेना. वीणेचे दहा तुकडे केले, शंभर केले, छिलके काढले, जाळले, राख वाऱ्यावर उधळली. आवाज सापडला नाही. तेव्हा म्हणाला, ही वीणा म्हणजे काहीतरी फालतू वस्तू आहे, लोक उगाच हिच्या नादी लागलेत.

ताई, राग मानू नका, पण तुम्ही त्या राजासारखंच केलंत. आत आवाज सापडला नाही हे राजाचं बरोबर होतं. त्यावरून वीणाच फालतू ठरवली, तिथे तो चुकला.

आता माझ्या हातातलं सांगतो. तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमात, मधली जोडी षड्जात, चौथी खर्जात, म्हणजे खालच्या षड्जात. चारांतली एकही तार गंधारात लावलेली नसते. पण तंबोरा खरा जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार बोलतो. लख्ख ऐकू येतो. आमच्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आपला आपण उगवलेला.

पण मी रोज बघतो, तो किती परावलंबी आहे. घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, पाठीवर जव्हारी काढायची असते, म्हणजे कानशीनं इतका हलका उतार द्यायचा की तार सुटताना पाठीला घासून जाते. तो उतार केसभर जास्त झाला की आवाज फरफरतो, कमी झाला की मुका पडतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये साधा सुती दोरा सरकवायचा. तो दोरा मी नखानं पुढे ढकलतो, किती म्हणाल तर तांदळाच्या कण्याएवढा, आणि गंधार उघडतो. अजून तेवढाच ढकलला की गेला. मणी हलवला की बदलतो. हवा ओली झाली की बदलतो. छेडणाऱ्याचं बोट जड पडलं तरी बदलतो. आणि ऐकणाऱ्या कानाला गंधार ओळखता येत नसेल तर समोर असूनही नाही.

मग गंधार कुठे आहे? तारेत नाही, दोऱ्यात नाही, घोडीत नाही, भोपळ्यात नाही, कानातही नाही. सगळ्यांची मोळी बांधून शेजारी ठेवली तरी त्यात नाही. पण म्हणून गंधार नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याला माझ्याकडे बोलावून तंबोरा ऐकवीन. तो आहे. नाव स्वयंभू, पण एवढं दुसऱ्याच्या जिवावर जगणारं मी काही पाहिलेलं नाही. गेशेंना हे दाखवलं तेव्हा ते कितीतरी वेळ नुसते दोरा सरकवून ऐकत बसले. मग म्हणाले, आता ‘स्वभावशून्य’ शब्द तुला समजावून सांगायची गरज नाही.

हे झालं वस्तूचं. खरी गाठ ‘मी’ची असते. तिचा अनुभव लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

गेलुग या तिबेटी बौद्ध परंपरेत एक अभ्यास आहे. शून्यता शोधण्याआधी, कशानं शून्य म्हणायचं ती गोष्ट नीट ओळख, असं तिचे संस्थापक चोङ्खापा (१३५७–१४१९) यांचं सांगणं आहे. चोर कोण ते माहीत नसताना चोर घरात नाही असं कसं म्हणणार? आणि तो चोर, म्हणजे स्वतःच्या पायावर उभा असलेला ‘मी’, सगळ्यात स्वच्छ कधी दिसतो? आपल्यावर खोटा आळ येतो तेव्हा. तेव्हा त्याला लगेच पाडायचं नाही. मनाच्या एका कोपऱ्यातून नुसतं बघायचं, हा कसा दिसतोय.

दोन वर्षांपूर्वी एका गायकांचा तंबोरा माझ्याकडे होता. परत गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन: तुम्ही भोपळ्याला तडा घातलात. तो तडा जुना होता, रंगाखाली दडलेला, मी जव्हारी सोडून कशाला हातही लावला नव्हता. ते बोलत होते आणि माझ्या छातीत काहीतरी उभं राहिलं. अक्षरशः उभं. गरम, टणक, घशापर्यंत आलेलं. ‘मला? मला म्हणतोय?’ त्या क्षणी तो ‘मी’ हातांपेक्षा वेगळा होता, वयापेक्षा वेगळा, त्याला कशाचीच गरज नव्हती. जणू दगडाचा खांब.

आणि मला अभ्यास आठवला. मी त्याला शोधायला लागलो. हात? हातांवर आळ आहे, पण हात काही दुखावलेले नाहीत. नाव? नाव वडिलांनी ठेवलं. कसब? ते त्यांच्याकडून आलं, थोडं गिऱ्हाइकांच्या शिव्यांतून. छातीतली धग? ती धग आहे, मी नाही. शोधत गेलो तसा खांब पातळ होत गेला. सापडला नाही.

आता ज्यासाठी हे लिहिलं ते. खांब गेला तेव्हा आतमध्ये काही बधिर झालं नाही. उलट पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकू आला. तोवर मला फक्त आळ ऐकू येत होता. आता कळलं की माणूस घाबरलाय. तो तंबोरा त्यांच्या गुरूंचा होता. मी म्हटलं, “घेऊन या, मी बघतो.” त्यांनी आणला. तडा आम्ही दोघांनी दिव्याखाली बघितला, तेव्हा त्यांनाही कळलं जुना आहे ते. पण ते नंतरचं.

माझ्यापुरती खूण ही, ताई. शून्यता खरी दिसली तर कान उघडतात. कान बंद झाले असतील तर दिसलेलं दुसरंच काहीतरी आहे. तुम्ही ‘शून्य’ हा शब्द घेऊन समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीच्या तोंडावर हात ठेवलात. पण जो हे सगळं नकोसं म्हणत होता, त्या ‘मी’ला एकदाही शोधलं नाहीत. तो मागे सुखरूप राहिला, अधिकच टणक झाला.

---

अर्धविराम

जव्हारी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. खरं आहे ते. ‘शून्य आहे’ म्हणताना प्रत्येक वेळी कुणालातरी वाचवत होते. बहिणीच्या फोनच्या वेळी तर मला आता नीट आठवतंय, पहिल्या दोन सेकंदांत पोटात कळ उठली होती. ती सहन होणार नाही असं वाटलं आणि मगच ते वाक्य आलं. म्हणजे मला ‘काही वाटलं नाही’ हेही खरं नव्हतं.

एक गोष्ट अजून अडते. ‘मी’ सापडत नाही, तशी बहीणही सापडणार नाही ना? शोधायला गेले तर तिचं दुःख कुणाचं? अशानं करुणेचा पाया निसटत नाही का?

---

पिंपळपान

ताई, हा प्रश्न शांतिदेवानं बोधिचर्यावताराच्या आठव्या प्रकरणात घेतलाय. नालंदेतला आचार्य, आठव्या शतकातला. त्याचं उत्तर ऐकून मी पुस्तक मिटून बसलो होतो.

‘अस्वामिकानि दुःखानि सर्वाण्येवाविशेषतः।
दुःखत्वादेव वार्याणि नियमस्तत्र किं कृतः॥’

सगळीच दुःखं बिनमालकाची आहेत, त्यात भेद नाही. दुःख आहे एवढ्याच कारणानं ते दूर करायचं. माझं तेवढं दूर करीन, तिचं नाही, हा नेम कुठून आला?

आपण समजतो की मालक गेला म्हणजे दुःख गेलं. शांतिदेव म्हणतो, मालक गेला म्हणजे कुंपण गेलं. तुमच्या पोटातली कळ आणि तिचा हुंदका यांच्यामध्ये जी भिंत होती, जी तिला फोनवर जाणवली, ती शून्यतेची नव्हती. शून्यतेत भिंत बांधायला कुणी उरतच नाही.

आणि शोधायला गेल्यावर बहीण सापडत नाही, हे परमार्थाच्या, म्हणजे अंतिम सत्याच्या, बाजूनं. पण नागार्जुनच सांगतो की व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ शिकवताच येत नाही. व्यवहारात बहीण आहे, तिचं लग्न मोडलंय, तिला ताई हवीय. ती गंधारासारखी आहे. सापडत नाही, आणि ऐकू येते.

अजून एक, मग थांबतो. शून्यतेलाच धरून बसणाऱ्यांसाठी नागार्जुनाचा भाष्यकार चंद्रकीर्ती यानं सातव्या शतकात एक दाखला दिलाय. दुकानदार म्हणतो, तुला विकायला माझ्याकडे काहीही नाही. गिऱ्हाईक म्हणतं, बरं, मग ते ‘काहीही नाही’च द्या मला. त्याला आता काय देणार? तुम्ही वर्षभर ते ‘काहीही नाही’ पिशवीत घालून फिरत होता. ते ठेवून द्या.

---

निळाई

एक व्यवहारातलं सांगतो. बसायला जीव होत नाही म्हणालात, तर काही दिवस पाऊण तास बसू नका. दहा मिनिटं बसा, डोळे उघडे ठेवून, आणि मेत्ता, म्हणजे मैत्रीभावना, करा. बहिणीपासूनच सुरुवात करा. आणि हा बधिरपणा सगळीकडे पसरत असेल, जेवण-झोप-कामातही, तर ज्यांच्याकडे शिबिर केलंत त्यांच्याशी बोला, डॉक्टरांशीही बोला. यात कमीपणा काही नाही.

---

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितेय.

निळाई, दहा मिनिटांवर आणलंय. जेवण, झोप ठीक आहे. शिबिरातल्या ताईंना पत्र लिहिलं.

पिंपळपान, चूळसुञ्ञत माझ्या पद्धतीनं करून बघते. डोळे मिटायच्या आधी खोलीकडे बघते. खोलीत बहीण नाही, भांडण नाही, ऑफिस नाही. मग थांबून जे उरलंय ते म्हणते. पंख्याचा आवाज आहे. गुडघ्यात ठणका आहे. पोटात ती कळ अजून आहे. पहिल्या दिवशी हे ‘आहे’ म्हणताना इतकं रडू आलं की दहा मिनिटं त्यातच गेली.

काल रात्री बहिणीला मी फोन केला. भांडी तशीच ठेवली आणि खाली जमिनीवर बसले. तिला सांगितलं की त्या रात्री मी ऐकत नव्हते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला वाटलं, तूही माझ्यावर रागावलीस.” हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी तिच्यापासून वाचायला बघत होते आणि तिकडे ती तीन आठवडे माझा राग सांभाळत बसली होती.

मग ती बोलत राहिली. कळ उठली, मी तिला उठू दिलं. मध्ये एकदा ते वाक्य जिभेवर आलं होतं. जव्हारींचा दोरा आठवला आणि मी नुसतं विचारलं, “मग तो काय म्हणाला?”

---

जव्हारी

आज एक तंबोरा समोर आहे, सकाळपासून गंधार देत नव्हता. तुमचं वाचून परत बसलो. दोरा नवा घातला, आता बोलतोय.